बशीतली चरबी आणि बायजा अस्वलीण

एका जंगलात, मुलांनो, जवळजवळ सगळे जाडजूड होते आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नव्हतं.

त्याला कारणही होतं. तिथला उन्हाळा फार कडक. ओढे आटत, गवत करपून जाई, सावली शोधावी तर झाडावर पानच नसे. अशा दिवसांत ज्याच्या अंगावर काही साठवलेलं असेल, तोच पुढचा पावसाळा बघे. म्हणून त्या जंगलात दोघं भेटले की रामराम करत नसत. एक म्हणे, "खाल्लेलं अंगाला लागो." दुसरा म्हणे, "तुमच्याही लागो." आणि दोघं आपापल्या वाटेने चरायला जात.

थंडीच्या तोंडावर तिथे एक सण होई. त्याचं नाव बोटबुडी. सगळे तळ्याकाठी रांगेने बसत आणि वानरांची म्हातारी आजी एकेकाच्या पाठीवर बोट दाबून बघे. बोट पेरापर्यंत आत गेलं की आजी म्हणे, "बुडालं." मग सगळे समाधानाने हुंकार देत. ज्याच्या पाठीत बोट बुडत नसे, त्याला कुणी नावं ठेवत नसत. शेजारीपाजारी आपल्यातलं थोडं थोडं आणून त्याच्यापुढे ठेवत.

या सणात पहिला मान बायजा अस्वलिणीचा. आजीचं बोट एकदा तिच्या पाठीत गेलं, ते बाहेर काढायला दोन वानरं लागली, असं कोंडाबाई रानडुकरीण सांगे. कोंडाबाई ही बायजाची शेजारीण. तिच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण उरलेलं निम्मंही पुष्कळ होई.

आणि सणात सगळ्यात जास्त हाल होत ते करकोचा गुरुजींचे. ते तळ्यात एका पायावर उभे राहून जंगलातल्या पोरांना शिकवत, म्हणून गुरुजी. त्यांच्या पाठीवर बोट दाबलं की टक् असा आवाज येई. मग कोंडाबाई एक मातकट कंद आणून त्यांच्यापुढे टाकी आणि म्हणे, "खा हो गुरुजी. वावटळीत सापडलात तर आम्ही शोधायचं कुठे?" करकोचा कंद खात नाही. गुरुजी कंद तसाच ठेवत आणि अपमान तेवढा गिळत. असा दरवर्षी गिळत गिळत तो त्यांच्या गळ्याशी आला होता.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक सगळ्यांना कळली, दुसरी फक्त बायजाला.

बायजाला कळली ती आधी सांगतो. ती पोटुशी होती, आणि पहिल्यांदाच. तिची आई जाण्याआधी तिला सांगून गेली होती, "बाई, अस्वलीण गुहेत शिरते एकटी आणि बाहेर येते लेकुरवाळी. मधल्या दिवसांत ती काही खात नाही. पिल्लांना सोडून जाणार कशी? पाठीवरची चरबी आतल्या आत वितळते आणि तिचंच दूध होतं. म्हणून गुहेत शिरायच्या आधी पाठ चाचपून बघ. पाठ रिकामी असेल तर पिल्लं रिकामी." बायजाने हे मनात जपून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कोंडाबाईला सांगितलं की तळ्याला कळतं.

सगळ्यांना कळलेली गोष्ट अशी, की जंगलात एक पांढरा उंदीर आला.

कापसासारखा पांढरा, डोळे गुंजेसारखे लाल, आणि कानाला एक चकचकीत बिल्ला. असा उंदीर कुणी पाहिला नव्हता. नाव विचारलं तर त्याने कान पुढे केला. बिल्ल्यावर काहीतरी कोरलं होतं, ते वाचता कुणालाच येत नव्हतं. पण ज्याला बिल्ला असतो तो मोठा असतो, एवढं जंगलातही कळतं. त्याला सगळे बिल्लेसाहेब म्हणू लागले. बिचारा लाजून कोपरा शोधत होता. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेला तो. त्याला इतकं मोठं आकाशच पेलत नव्हतं.

तो शहराच्या टोकाला असलेल्या एका प्रयोगशाळेतून निसटला होता. तिथे चरबीवर काम चाले. कुठल्या पाल्यात काय असतं आणि त्याने चरबी कशी झडते, हे तिथले पांढरे डगलेवाले शोधत होते.

हे त्याच्या तोंडून ऐकताच करकोचा गुरुजींनी दुसराही पाय पाण्यात टेकवला. असं त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं. त्यांनी सभा बोलावली.

"साहेब," गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला तो पाला दिला होता?"

"दिला होता," उंदीर हळूच म्हणाला.

"आणि तुम्ही बारीक झालात?"

"झालो. पण त्याचं असं झालं की..."

तेवढ्यात माकडांनी टाळ्या वाजवल्या. माकडांना टाळ्या वाजवायला पूर्ण वाक्य लागत नाही.

मग उंदराने आणखी एक गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत थोडी चरबी ठेवली होती. तिच्यावर त्याच पाल्याचा अर्क ओतला, तर चरबीचे कण आक्रसत गेले. हे त्याने पिंजऱ्यातून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सभेत कुजबुज झाली. मागून कोंडाबाईने विचारलं, "मग आम्ही काय बशीत बसायचं का?" तिला गप्प करण्यात आलं. विज्ञानाच्या सभेत प्रश्न विचारायचे नसतात, असं गुरुजींनी पोरांना त्याच दिवशी शिकवलं.

तो पाला होता गुळमारीचा. गुळमार ही वेल. तिचं पान चावलं की जिभेवरची गोडी मरते. घटकाभर गूळसुद्धा वाळूसारखा लागतो. ती वेल जंगलात हवी तेवढी होती. आजवर तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. आता तिच्यापुढे रांग लागली.

प्रत्येक खाण्याआधी पाला चावायचा, असा नियम झाला. पाल्यात काय आहे ते समजावताना गुरुजी असे अवघड शब्द वापरत, की ऐकूनच चार घास कमी जात. वानरांनी सकाळी तळ्याभोवती फेऱ्या सुरू केल्या. सशांनी पाला सुकवून ठेवला. पाणी प्यायची रांग बदलली. बारीक झालेले पुढे, जाड मागे. शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला नुसता चिखल येई. आणि दोघं भेटले की आता एक म्हणे, "अंगाला न लागो." दुसरा म्हणे, "तुमच्याही न लागो."

वाघोबा पाला खात नव्हते. पण पाला खाल्लेलं हरीण त्यांच्या वाट्याला येई. "नुसती हाडं, आणि वर कडवट," असं म्हणत त्यांनी एकदा तोंडात धरलेलं हरीण सोडून दिलं. तेव्हापासून हरणं दुप्पट पाला खाऊ लागली. मुलांनो, त्या जंगलात पाल्याचा खरा फायदा झाला तो या हरणांना. पण त्यांचं उदाहरण सभेत कुणी दिलं नाही, कारण ती आधीपासूनच बारीक होती.

बायजाचं काय झालं?

पहिल्या दिवशी तिने पाला चावला नाही. ती रांगेत नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. पुढचे थोडे पुढे सरकले आणि मागचे थोडे मागे. एवढ्या मोठ्या तळ्याकाठी तिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा झाली. ज्या पाठीला काल मान होता, ती पाठ आज कुठे लपवावी ते तिला कळेना. अस्वलाला पाठ लपवायला झाड मोठं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाला चावला.

मग ती आपल्या नेहमीच्या पोळ्याकडे गेली. मध चाटला, तर कोमट पाणी चाटल्यासारखं वाटलं. सीताफळ फोडलं, तर ओला कापूस. उंबर तर तिने थुंकूनच टाकलं. अस्वलाचं आयुष्य म्हणजे दिवसभर हुंगायचं, खणायचं, चढायचं, आणि शेवटी जिभेवर एक थेंब गोड. तो थेंबच गेला, तर झाडावर चढायचं कशाला? ती चढायची कमी झाली. खायची कमी झाली. मग हळूहळू तिची केसाळ कातडी अंगावर सैल झाली, दुसऱ्या कुणाची उसनी घेतल्यासारखी. गुरुजींनी सगळ्यांपुढे तिचं कौतुक केलं. रांगेत ती तिसऱ्या जागेवर आली. स्वच्छ पाणी प्यायली आणि तिला बरंही वाटलं. खोटं कशाला सांगा.

एक दिवस दुपारी ती वारुळाला पाठ घासत होती. अस्वलं घासतात तशी. घासता घासता तिला पाठीत खडा टोचला. तिने पंजा मागे नेऊन चाचपलं. खडा नव्हता. ते तिचंच हाड होतं.

ती तिथेच खाली बसली. आईचं बोलणं तिला शब्द न् शब्द आठवलं. पाठ रिकामी असेल तर पिल्लं रिकामी. हवेत गारवा आला होता. गुहेत शिरायचे दिवस जवळ येत होते.

ती उठली आणि थेट बिल्लेसाहेबांकडे गेली. ज्याला चरबी घालवता येते त्याला ती परत आणताही येत असेल, असा तिचा हिशोब होता.

बिल्लेसाहेब सीताफळीच्या बुंध्याशी पाठमोरे बसले होते. बायजाची सावली पडली तसे ते दचकून वळले. त्यांच्या मिशांना सीताफळाचा गर लागला होता. तो पुसायची त्यांनी धडपड केली. पण गर पांढरा आणि उंदीरही पांढरा. कुठे पुसायचं तेच त्यांना समजेना.

"साहेब," बायजा म्हणाली, "पाला थांबवला तर गेलेली चरबी परत येते का?"

उंदराने मान खाली घातली. "बाई, पुढचं विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या," तो म्हणाला.

मग त्याने सभेत अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. पिंजऱ्यात त्याला वाटीभर खाणं मिळे. त्यात पाला कालवलेला असे. पहिल्या घासालाच जीभ मरे आणि पुढचं सगळं भुशासारखं लागे. तो वाटी तशीच सोडून कोपऱ्यात बसे. असा बसून बसून तो बारीक झाला. डगलेवाल्यांनी त्याला काट्यावर ठेवलं आणि आनंदाने एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

"म्हणजे तू उपाशी होतास," बायजा म्हणाली. तिच्या तोंडून 'साहेब' हा शब्द गळून पडला.

"हो बाई."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काट्यावर फक्त वजन घेतात. म्हणणं घेत नाहीत."

बायजाने विचारलं, "आणि ती बशीतली चरबी? तेही असंच?"

"ते खरं आहे," उंदीर म्हणाला. "ती आक्रसली. मी पाहिलं. पाल्यात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. पण बाई, बशीतल्या चरबीला तोंड नव्हतं. तिला जीभ नाही, भूक नाही, उन्हाळा नाही. पोरंबाळं नाहीत."

बायजाने पोटावर पंजा ठेवला.

"मला होणार आहेत," ती म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच कुणाला सांगितलं, आणि तेही एका उंदराला.

उंदराने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग आपलं अर्धं सीताफळ दोन्ही पुढच्या पायांनी ढकलत ढकलत तिच्यापुढे आणलं. अस्वलाला ते म्हणजे दाताच्या फटीत जाईल एवढं. पण त्या दिवशी तिने पाला चावला नव्हता. गर जिभेवर पडला आणि ती डोळे मिटून बराच वेळ तशीच बसली.

"खाल्लेलं अंगाला लागो," ती म्हणाली.

उंदराने हे कधी ऐकलं नव्हतं. तो आला तोवर बोलण्याची रीत बदलली होती. याला उत्तर काय द्यायचं, ते त्याने विचारून घेतलं.

त्या दिवसापासून ती दोघं एकत्र खाऊ लागली. बाकीचे भर उन्हात सावलीला पडत, तेव्हा ही निघत. बायजा वारूळ फोडून वाळवी ओढी, तर हा वारुळाभोवती सांडलेलं गवताचं बी वेचे. ती पोळं उतरवी, तर हा खाली पडलेला थेंब चाटे. त्याला पहिल्यांदाच कळलं की खाण्याला चव असते आणि ती रोज वेगळी असते. बघता बघता तो गोल झाला. गाल फुगले. कानसुद्धा इतका मांसल झाला की बिल्ला आत रुतून दिसेनासा झाला.

आणि इथेच घोटाळा झाला. उंदीर लाजरा होता, पण लबाड नव्हता. आपलं अर्धं वाक्य जंगलभर पसरलंय, हे त्याला खुपत होतं. बोटबुडीच्या दिवशी सगळे तळ्याकाठी जमले तेव्हा तो पुढे आला आणि त्याने सगळं सांगितलं. यावेळी कुणी मधे टाळ्या वाजवल्या नाहीत.

गुरुजींनी त्याला एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने.

"हे बिल्लेसाहेब नव्हेत," ते म्हणाले. "साहेब बारीक होते."

उंदराने कान पुढे केला. बिल्ला दिसेना. सभेने मान डोलावली. बारीक उंदराचं ऐकायचं असतं, जाड उंदराचं कोण ऐकणार? त्याला मागच्या रांगेत, कोंडाबाईच्या शेजारी बसवण्यात आलं. कोंडाबाईने त्याला आपल्यापुढचा कंद दिला. "खा रे बाबा," ती म्हणाली, "इथे बसणाऱ्यांनी खाल्लं तरी चालतं."

मग सण सुरू झाला. आता आजीच्या बोटाचं काम राहिलं नव्हतं. गुरुजी आपली चोच प्रत्येकाच्या पाठीवर आपटत होते. टक् वाजलं की टाळ्या. गव्याची पाठ टक् वाजली. सांबराची वाजली. बायजाचा क्रम आला. ती पुढे होऊन बसली. ती गुरुजींना भीत नव्हती. आपण उशीर तर केला नाही ना, एवढीच तिला धास्ती होती. आई गेल्यापासून तिची पाठ बघणारं घरचं कुणी नव्हतं.

गुरुजींनी चोच आपटली. आवाज आला नाही.

त्यांनी पुन्हा आपटली. चोच केसांत शिरली, केसांतून आत शिरली, आणि जराशी अडकली.

गुरुजींनी चोच सोडवून घेतली आणि फार दुःखाने म्हणाले, "बायजाबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. बुडाली."

बायजाने हळूच श्वास सोडला. "बुडू दे," ती म्हणाली, आणि उठून गुहेकडे चालू लागली. रांगेतले सगळे बाजूला सरले. वाटेत कोंडाबाई तिच्या कानाशी लागली, "अगं, मला आधी सांगायचंस की. मीही महिनाभर तो पाला खाल्ल्यासारखं करून कुशीखाली दडपतेय."

गुहेत काय झालं, ते कुणी पाहिलं नाही. उंदीर तेवढा तोंडाशी बसून राही. त्याला आतून आधी काहीच ऐकू येत नसे. मग एक दिवस चूं चूं आलं. मग दुसरं चूं चूं. मग नुसता चुरूचुरू पिण्याचा आवाज, दिवसच्या दिवस. बायजा काही खात नव्हती, पीत नव्हती. सीताफळ, उंबर, मध, वाळवी, सगळं तिच्या पाठीवरून निघून पिल्लांच्या पोटात चाललं होतं. जिभेवर घटकाभर राहिलेली गोडी अशी वाट काढत काढत कुठल्या कुठे पोचली होती.

मोहाची फुलं टपटप गळायला लागली तेव्हा बायजा बाहेर आली. तिच्या पाठीवर दोन पिल्लं केसांना धरून बसली होती, आणि त्यांच्या मागे, पडू नये म्हणून शेपटीने गाठ मारून, उंदीर.

ती तळ्यावर पाण्याला आली, आणि सगळे बघतच राहिले. बायजाच्या अंगावर हाडं आणि केस याशिवाय काही उरलं नव्हतं. गुरुजी लगबगीने आले. त्यांनी तिच्या खांद्यावर चोच आपटली.

टक्.

असा स्वच्छ टक् त्या जंगलात आजवर वाजला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाल्याचा गुण उशिरा येतो पण येतोच, असं गुरुजी म्हणाले, आणि आनंदाच्या भरात आणखी एकदा आपटायला गेले. पण मधे पिल्लू होतं. चोच त्या पिल्लाच्या पाठीत मऊ मऊ आत गेली.

वानरांची आजी कोपऱ्यात पेंगत होती. जुनी सवय. ती झोपेतच म्हणाली, "बुडालं."

आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत सगळ्या जंगलाने समाधानाचा हुंकार दिला. गव्याने दिला, सांबराने दिला, हरणांनी दिला. मग सगळे एकमेकांकडे बघून ओशाळले आणि खाकरू लागले.

गुरुजींनी विषय बदलला. "बायजाबाई, सगळ्यांना सांगा. कुठला पाला खाल्लात? किती, आणि केव्हा?"

"पाला नाही," बायजा म्हणाली. "आधी पोटभर खाल्लं. मग दूध पाजलं."

गुरुजींनी ते पोरांकडून तीनदा पाठ करून घेतलं. त्यातलं 'आधी पोटभर खाल्लं' हे त्यांनी गाळलं, कारण ते शास्त्राला धरून नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सगळं जंगल, गवे आणि सांबरांच्या नरांसकट, दूधपाजी नावाची वेल कुठे उगवते ते शोधत फिरू लागलं.

बायजा पिल्लांना घेऊन मोहाखाली गेली. भर उन्हाळा पुढे होता. तिने एक फूल उचलून तोंडात टाकलं. गोड होतं.

"अंगाला लागो," पाठीवरून उंदीर म्हणाला.

तात्पर्य: अंगावरची चरबी घालवायचा एकच खात्रीचा उपाय आहे. आधी ती मिळवावी आणि मग कुणाला तरी देऊन टाकावी. पण हा उपाय अजून उंदरावर सिद्ध झालेला नाही, आणि बशीत तर करताच येत नाही. तेव्हा मुलांनो, कुणी तो करू नये. पाला चावावा.